एकशे चौसष्ट दात

दादा तीन स्टार्टर घेऊन माझ्या दुकानात आला तेव्हा मी त्याला 'बस' म्हटलं नाही.

"हे जरा बघ," असं म्हणत त्याने ती तिन्ही धुडं माझ्या टेबलावर आदळली. टेबलावर मी तांब्याची तार पसरून ठेवली होती, सकाळपासून उलगडून. नेमकी तिच्यावर.

"उचल."

"अगं, बघ तरी..."

"आधी उचल. मग बघते."

उचलली बापड्याने. एकेक करून जमिनीवर ठेवली. अठ्ठावन्न वर्षांचा माझा थोरला भाऊ, ज्याच्याइतका गिअरबॉक्स कुणालाच कळत नाही असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असतो, माझ्यासमोर हात पुसत उभा होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. ह्यात गाढव कोण ते मला कळत होतं, पण त्या दिवशी गाढव व्हायला माझी हरकत नव्हती. आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते, आणि शेवटी पाय धरायला तोच आला होता.

आठ दिवसांपूर्वी काय झालं ते सांगते, म्हणजे मी उगाच आगपाखड करतेय असं वाटायला नको.

आमच्या घरात कामाची वाटणी बाबांनीच करून दिली होती. इंजिन आणि गिअर दादाचे, वीज माझी. त्याचं गॅरेज आहे, माझं हे दुकान. तीस वर्षं मी स्टार्टर आणि डायनॅमो दुरुस्त करते आहे. दुकानाच्या मागे माझी खोली, स्वयंपाकाचा ओटा, आणि माझ्या मनासारखी शांतता. लहानपणीच्या आजारापासून माझा डावा गुडघा वाकत नाही. सरळच्या सरळ, लाकडासारखा. क्लच दाबणं ह्या जन्मात शक्य नाही. म्हणून बाबांनी कुठून कुठून शोधून ती लांबलचक हिरवी गाडी आणली होती. तेव्हाही ती जुनीच होती. पण ऑटोमॅटिक! दोनच पेडल, आणि दोन्ही उजव्या पायाची. कागद माझ्या नावावर केले आणि म्हणाले, "घे. आता कुणाची वाट बघत बसू नकोस."

तेव्हापासून मी कुणाची वाट बघितली नाही. माल आणायला मी, पोचवायला मी, मनात आलं तर नुसतीच चक्कर मारायलाही मीच.

यंदा डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने अंथरूण. गाडी उन्हात कशाला, म्हणून दादाने स्वतःच्या गॅरेजात नेऊन ठेवली. केवढा कळवळा! डॉक्टरांनी मोकळं केलं त्या दिवशी मी काठी टेकत गाडी आणायला गेले. त्याचं गॅरेज माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर आहे, म्हणजे दोन धड पाय असणाऱ्यांच्या दहा मिनिटांवर. मला चाळीस लागली. घामाघूम होऊन पोचले, गाडीचं दार उघडलं, आत बसायला वाकले, आणि खाली बघितलं तर तीन पेडल.

मी पुन्हा मोजली. तीनच.

"जुना गिअरबॉक्स तेल गाळत होता," दादा मागून म्हणाला. "त्याचे भाग कुठे मिळतात आता? साधा टाकला. आणि तू आता कुठे चालवणार आहेस ह्या वयात, ह्या अवस्थेत? पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक आहे, तिच्यात सगळ्यात पुढे आपली गाडी. मी चालवणार."

आपली गाडी!

"जुना गिअरबॉक्स कुठाय?"

"भंगारात दिला."

खरी गोष्ट अशी की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दादाला कधी उमजलाच नाही. वीस वर्षं ती गळती त्याला थांबवता आली नव्हती. दर वेळी उघडायचा, डोकं खाजवायचा आणि पुन्हा बंद करायचा. नाचता येईना अंगण वाकडं. मग मी अंथरुणात आहे असं बघून त्याने अंगणच उखडून टाकलं. मी तिथे काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वहिनी घरातून बाहेर आली आणि तशीच परत आत गेली, एवढ्यावरून समजा.

आणि आता हा तीन स्टार्टर घेऊन माझ्यासमोर उभा. मिरवणूक तीन दिवसांवर, आणि गाडी सुरू होत नव्हती.

"पहिला गाडीचा मूळचाच," तो सांगू लागला. "किल्ली फिरवली की नुसता किंचाळतो, इंजिन फिरत नाही. दुसरा नवाकोरा आणला, त्याचंही तेच."

"नवा कसा मागितलास?"

"गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं."

"मग दुकानदाराने ऑटोमॅटिकचाच दिला ना! गाडी ऑटोमॅटिक म्हणूनच जन्मली होती. तू तिची आतडी बदललीस, ते त्याला काय स्वप्नात दिसणार?"

दादाने ओठ आवळले. "तिसरा साध्या गिअरवाल्या मॉडेलचा आणला. तो आत जाऊन अडकतो. सुटतच नाही, हातोडी मारावी लागते."

"फ्लायव्हील कुठलं टाकलंस?"

"भंगारवाल्याकडून. ह्याच कंपनीचं आहे. नीट बसलं."

"दात मोजलेस?"

मोजले नव्हतेच. इथेच घोडं पेंड खात होतं. स्टार्टरच्या तोंडाला एक छोटं दातेरी चाक असतं. किल्ली फिरवली की ते पुढे सरकतं, इंजिनाच्या मागे फ्लायव्हील म्हणजे जे मोठं चाक असतं त्याच्या दातांत शिरतं आणि त्याला फिरवतं. मोठं चाक बदललं, की स्टार्टर त्या चाकाला विचारून घ्यायचा. गाडीच्या कागदांना विचारून नाही. पण दादा जन्मभर पुस्तकात बघून माल मागवणारा माणूस. पुस्तकात छापलंय म्हणजे लोखंडानेही तसंच वागायला पाहिजे!

"तू येऊन बघतेस का?" तो म्हणाला. "गाडीत बसवून नेतो."

"नको. येते माझी मी."

पुन्हा चाळीस मिनिटं. त्याच्या शेजारी बसून जाण्यापेक्षा मी रांगत गेले असते. पण वाटेत दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर बसावं लागलं. दुसऱ्यांदा बसले तेव्हा सरळ रडू आलं, खोटं कशाला बोलू. उजव्या हाताला काठीचा घट्टा पडला होता. पुढची सगळी वर्षं अशीच काढायची, दोन ओट्यांच्या मध्ये, हे मला त्या ओट्यावर बसल्यावर नीट कळलं.

गॅरेजात गाडी फाटकाकडे तोंड करून उभी होती, रविवारसाठी धुऊनपुसून. मी खाली गोणपाट टाकून घेतलं आणि आडवी झाले. खालच्या झाकणाच्या फटीतून मोठ्या चाकाचे दात दिसतात. एका दातावर खडूची खूण केली. दादा पुढून पान्याने इंजिन हळूहळू फिरवत होता आणि मी मोजत होते.

"पुस्तकात एकशे बेचाळीस आहेत," तो पुढून ओरडला.

"चूप. चौऱ्याण्णव... पंचाण्णव..."

खडूची खूण परत आली तेव्हा एकशे चौसष्ट झाले होते. चाक ह्याच कंपनीचं होतं, पण मालवाहू गाडीचं. मोठं, जड, जास्त दातांचं. त्याला तिन्हींपैकी एकही स्टार्टर चालण्यासारखा नव्हता. दोघांचं छोटं चाक दातांपर्यंत पोचत नव्हतं, तिसऱ्याचं नको तितकं घट्ट बसत होतं. वर कितीतरी दातांच्या कडा खाऊन ठेवल्या होत्या त्या मूर्खाने, किल्ली फिरवून फिरवून.

"आणखी चार दिवस असंच केलं असतंस तर चाक फेकून द्यावं लागलं असतं," मी म्हणाले.

"तुझ्याकडे आहे का चालणारा?"

"असेल." मी उठून बसले. मग आठवण झाली म्हणून विचारलं, "जुन्या गिअरबॉक्सवर एक स्विच होता. गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरू नये म्हणून. त्याच्या वायरींचं काय केलंस?"

"तोडल्या आणि पिळून जोडून टाकल्या. नाहीतर स्टार्टरला वीजच पोचत नव्हती."

"क्लचच्या पेडलला स्विच नाही लावलास? पेडल दाबल्याशिवाय सुरू होऊ नये म्हणून?"

"कशाला? मी काय नवशिका आहे?"

मी गोणपाट गुंडाळलं. मी गप्प बसले की दादाला वाटतं तो जिंकला. वाटू दिलं.

परतीच्या वाटेवर मात्र मला एकदाच बसावं लागलं, कारण डोकं दुसरीकडे होतं. दादा तरुण असताना एकदा माल भरलेल्या ट्रकच्या क्लचची वायर भर रस्त्यात तुटली होती. ह्या पठ्ठ्याने क्लचशिवाय ट्रक घरी आणला. कसा, ते त्याने पुढची दहा वर्षं प्रत्येक जेवणात ऐकवलं. इंजिन बंद असताना पहिला गिअर टाकायचा आणि तशीच किल्ली फिरवायची. स्टार्टरच अख्खी गाडी ढकलतो, ढकलता ढकलता इंजिन पेटतं आणि गाडी चालू लागते. पुढचे गिअर कानाने टाकायचे. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, इंजिनाचा आवाज योग्य जागी उतरला की दांडा आपोआप आत जातो. थांबायचं असलं की इंजिन बंद, आणि पुन्हा पहिल्यापासून. डावा पाय कुठेच लागत नाही. फक्त दोन गोष्टी लागतात. वाटेत कुठला स्विच आडवा यायला नको, आणि स्टार्टर असा दांडगा हवा की गाडी ओढताना जळू नये.

स्विच दादाने स्वतःच्या हाताने काढून टाकला होता. राहिला स्टार्टर.

माझ्या फळीवर एकशे चौसष्ट दातांना चालणारे दोन होते. एक साधा, जुना, मालवाहू गाडीचाच. इंजिन फिरवायला पुरेसा, पण गाडी ढकलायला लावली तर दोन वेळांत धूर काढणारा. दुसरा एका डिझेल गाडीचा. आकाराने लहान, पण आत वेगळे गिअर असलेला, त्यामुळे जोर दुप्पट. त्याची बैठक थोडी वेगळी होती. दोन दिवस कानशीने घासून त्याला जोडपट्टी बनवली. आयुष्यात एवढ्या रागाने आणि एवढ्या निगुतीने काम मी कधी केलं नव्हतं.

शनिवारी दादा न्यायला आला. ह्या वेळी काठी आणि स्टार्टर दोन्ही पेलून चालणं शक्य नव्हतं म्हणून बसले त्याच्या गाडीत. वाटभर मी खिडकीबाहेर बघत होते आणि तो बोलत होता.

"हा इवलासा कसा?"

"गाडी जड आहे, इंजिन मोठं आहे. मिरवणुकीत तासभर हळूहळू चालून तापलं, की साधा स्टार्टर दम टाकतो. हा टाकणार नाही." ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

बसवायला तास गेला. दोन चाकांच्या दातांमधली फट बघायला मी कागदाला लावायची तारेची टाचणी सरळ करून वापरते. ती अडखळत गेली, म्हणजे दात फार जवळ. एक पातळ पत्रा मध्ये घातला. आता टाचणी अलगद सरकली. बोल्ट आवळले.

दादाने आत बसून न्यूट्रलमध्ये किल्ली फिरवली. एकदाच खसकन आवाज झाला आणि इंजिन धडधडू लागलं. काय सांगू, छातीत बरं वाटलं. आवाज तोच होता, माझ्या गाडीचा.

दादा तर हरखलाच. "अगं, ऐकलंस का! वहिनीला बोलव गं! बघ, झालं की नाही!" जणू त्यानेच केलं. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली आणि फाटकापाशी उभी राहिली.

"बंद कर," मी म्हणाले. "गरम इंजिनावर एकदा बघू दे. तू बाजूला उभा राहून कान दे. दात घासतात का ते बाहेरून कळतं."

त्याने बंद केली, उतरला, आणि शहाण्या मुलासारखा बाजूला जाऊन उभा राहिला. मी काठी मागच्या सीटवर टाकली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि क्लचच्या पलीकडे सरळ ठेवून दिला.

"वहिनी," मी काचेतून म्हणाले, "फाटक उघडता का जरा? धूर कोंडतो."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मग गिअरच्या दांड्यावरच्या माझ्या हाताकडे बघितलं. पस्तीस वर्षं ती बाई गॅरेजवाल्याच्या घरात राहिली आहे. तिने फाटकाच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या आणि स्वतः भिंतीला चिकटून उभी राहिली.

मी पहिला गिअर टाकला आणि किल्ली फिरवली.

गाडीने असा हिसका दिला की माझे दात आपटले. मग ती म्हशीसारखी एकेक पाऊल पुढे सरकली. स्टार्टर कण्हत होता, पण ढकलत होता. 'चल गं बये,' मी म्हणाले, 'चल, चल, चल.' एक हात, दोन हात, आणि इंजिन पेटलं.

"अगं ए! अगं गिअरमध्ये आहे ती! ब्रेक! ब्रेक दाब!" दादा बाजूने धावत ओरडत होता. मी फाटकातून बाहेर पडले तेव्हा त्याने बोनेटवर थाप मारली, जणू थापेने थांबणार होती.

रस्त्यावर आल्यावर पाय उचलला, आवाज उतरू दिला, दांडा ओढला. दुसरा गिअर करकरला आणि गेला. तिसरा लोण्यासारखा गेला. चौकात थांबावं लागलं. इंजिन बंद केलं, पहिला टाकला. मागून कुणीतरी भोंगा वाजवायला लागला. "थांब की रे, काय मरायला निघालायस?" मी खिडकीतून ओरडले आणि किल्ली फिरवली. हिसका, कण्हणं, आणि निघाली! मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं ते वेगळंच. लगेच घरी गेलेच नाही. नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन आले.

दुकानासमोर गाडी उभी करून दार उघडते तोच दादा चालत येताना दिसला, स्वतःची गाडी काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. घामाने भिजलेला, तोंड लाल.

"डोकं फिरलंय का तुझं? मी मेलो असतो!"

"बाजूला उभा होतास."

"गिअरबॉक्सचा चुराडा होईल अशाने!"

"होऊ दे. दुरुस्ती नाही जमली तर भंगारात देईन. आपल्याकडे पद्धतच आहे."

तो दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. धापा टाकत होता. मी पाणीसुद्धा दिलं नाही.

"काळजीपोटीच केलं गं," तो शेवटी म्हणाला. "एकटी राहतेस. उद्या कुठे आदळलीस तर?"

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग?"

तो आत माझ्या टेबलाकडे बघत राहिला. "गॅरेजाला लागून ती खालची खोली आहे ना, ती रिकामी केली. तुझ्यासाठी. तिथेच टेबल, तिथेच झोपायचं, जेवण वहिनी देईल. स्टार्टरची कामं बाहेर कुणाला द्यायला नकोत, सगळं एका छपराखाली. मला वाटलं, आता बाहेर जाणं बंदच होईल, तर येशीलच तू."

म्हणजे मिरवणूक हे कारण नव्हतंच मुळात. गळकं तेलही नव्हतं. माझ्या पायाखालची वाट काढून घ्यायची आणि मग मी आपणहून त्याच्या दारात येईन म्हणून वाट बघायची. असा संताप आला!

मी आत गेले, पक्कड आणि एक स्विच आणून त्याच्या मांडीवर टाकले. "घे. क्लचच्या पेडलला स्विच लाव. पाच मिनिटांचं काम आहे. मग पेडल दाबल्याशिवाय ही गाडी सुरू होणार नाही, आणि मला ते जन्मात दाबता येणार नाही. लाव. पण आत्ता लाव, माझ्या डोळ्यांसमोर. मी अंथरुणात पडलेली असताना नाही."

त्याने दोन्ही हातात घेतलं. उठला, गाडीचं दार उघडलं, वाकून पेडलांकडे बघत उभा राहिला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. त्याने मनात आणलं असतं तर मी त्याला अडवू शकले नसते.

मग त्याने दार हळूच लावलं. पक्कड आणि स्विच माझ्या हातात दिले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "खोलीला रंगसुद्धा दिला होता. तुझ्या आवडीचा."

मी म्हटलं, "मग भाड्याने दे."